काटेमामांचा घोटभर चहा

गावाबाहेरच्या माल वाहतुकीच्या रस्त्यावर, सिमेंटचं गोदाम आणि टायरवाल्याचं दुकान यांच्यामध्ये एक वजनकाटा होता. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी फलाट. त्यावर ट्रक चढला की शेजारच्या केबिनमध्ये लाल आकडे उमटायचे आणि मशीनमधून पावती बाहेर यायची. केबिन म्हणजे काय, तर एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची आणि उरलेल्या सगळ्या जागेत काटेमामा.

मामा हे नाव ड्रायव्हरांनी ठेवलेलं. दिवसभर दुसऱ्यांची वजनं करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या वजनाची कधी लाज वाटली नाही. उलट एका रिकाम्या दुपारी ड्रायव्हरांनी पैज लावून त्यांना फलाटाच्या मधोमध उभं केलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. लाल आकडे उमटले होते एकशे चाळीस. “मामा, ओव्हरलोड! दंड भरा!” असा एकच गिल्ला झाला.

तो काटा दहा किलोच्या हिशेबानं चालायचा. दहाच्या आतलं काही त्याला कळायचं नाही. एखादा नवखा ड्रायव्हर विचारायचा, “मामा, चप्पल काढून ठेवू का? तेवढंच वजन कमी.” मामा खिडकीतून हात हलवायचे. “राहू दे रे. दहाच्या आतलं आपण बघत नाही.” हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरात मीठ जास्त झालं तरी ते हेच म्हणायचे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडली होती. आधीच्या म्हाताऱ्या काटेवाल्यानं जाताना त्यांना बजावलं होतं, “ड्रायव्हर चहा घेऊन येणारच. नाही म्हणालास, तर त्याला वाटणार, हा आपल्यावर डूख धरून आहे. अख्खा प्यायलास, तर मागच्या गाडीवाल्याला वाटणार, हा विकला गेला. म्हणून प्रत्येकाचा एक घोट घ्यायचा. कमी नाही, जास्त नाही.” मामांनी ते शिरसावंद्य मानलं. खिडकीच्या कठड्यावर त्यांचा एक छोटा स्टीलचा पेला असायचा. ड्रायव्हर समोरच्या चहावालीकडून दुधासाखरेचा दाट चहा आणायचा, आपल्या ग्लासातला घोटभर त्या पेल्यात ओतायचा, मामा तो पिऊन पेला पालथा ठेवायचे आणि मग पावती द्यायचे. कोणी दुखावला नाही, कोणी शेफारला नाही. मामांचा काटा आणि मामा, दोघंही सरळ, असं त्या रस्त्यावर सगळे म्हणायचे.

असं सगळं छान चाललं असताना मामांच्या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

ताई म्हणजे मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, मुलींना शिवणकाम शिकवायची आणि भावाला अजून ‘ढब्बू’ म्हणायची. मामांची लहानपणातली पहिली आठवण म्हणजे ताईच्या कडेवरून दिसणारं जग. ती स्वतःच तेव्हा काडीसारखी, आणि कडेवर हा गोळा. “माझी कंबर तेव्हापासून वाकडी आहे,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता तीच ताई आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत अर्धा दिवस पडून असायची आणि बाहेर आली की भिंतीला धरून चालायची.

तपासण्या झाल्या आणि मामांची किडनी तिला जुळली. मामांना स्वर्ग दोन बोटं उरला. पण किडनीच्या डॉक्टरांनी त्यांना नखशिखांत पाहिलं आणि मान हलवली.

“तुमची किडनी उत्तम आहे. तिच्याभोवतीचे तुम्ही जास्त आहात,” ते म्हणाले. “नव्वद किलोच्या वर मी हात लावणार नाही. एक पेशंट बरा करताना मला दुसरा तयार करायचा नाही.”

घरी आल्यावर मामी, म्हणजे मामांची बायको, म्हणाली, “आजवर तुमचं कुठलं डाएट सोमवार ते बुधवारच्या पुढे गेलंय?” तिचं खरं होतं. म्हणून मग मामांनी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. जठराची पिशवी कापून केळ्याएवढी केली. ताईला हे कळलं तेव्हा ती संतापली.

“ढब्बू, माझ्यासाठी पोट कापून घेतलंस?”

“मग काय! आयुष्यभर तू मला म्हणत आलीस, पोट कमी कर. ऐकलं एकदाचं.”

पहिले महिने नुसती चंगळ होती. वजन असं उतरू लागलं, की टाळ्या वाजवाव्यात. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. मामांची जुनी पँट मामीनं उशीच्या अभ्र्यांसाठी कापली. केबिनमध्ये दुसरी खुर्ची ठेवायला जागा झाली. ड्रायव्हर म्हणायचे, “मामा, अर्धा माल कुठं उतरवला?” मामांनी त्यांना शस्त्रक्रियेचं सांगितलं होतं, किडनीचं नव्हतं. उगाच दया नको, आणि ताईच्या आजाराची रस्त्यावर चर्चा तर मुळीच नको.

आणि मग सत्त्याण्णववर वजन जे थांबलं, ते थांबलंच.

पहिल्यांदा मामांनी दवाखान्याच्या काट्याला दोष दिला. स्वतः काटेवाले असल्यामुळे त्यांनी तो वाकून तपासला, खालची फरशी सपाट आहे का ते पाहिलं आणि नर्सबाईंना चार सूचना केल्या. काटा बिनचूक होता. पुढच्या खेपेला ते पट्टा काढून उभे राहिले. त्याच्या पुढच्या खेपेला केस बारीक कापून गेले. सत्त्याण्णव.

आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, पण चिवट. “असं थांबतं बऱ्याच जणांचं,” त्या म्हणाल्या. “शरीराला कमी खाण्याची सवय होते. पण इतके महिने? काय काय खाता, सगळं सांगा.”

मामांनी सांगितलं. त्यात खोट नव्हती.

“आणि पिता काय?”

“पाणी. सकाळी घरी एक कप चहा, बिनसाखरेचा.”

“बाकी काही?”

“काही नाही,” मामा म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. कारण कठड्यावरचा पेला त्यांच्या डोक्यात चहा या खात्यात नव्हताच. तो कामाचा भाग होता, जसा पावतीवर शिक्का मारणं. शिवाय घोट तो काय? दहाच्या आतलं.

मग मामांनी आपल्या मनानंच उपाय काढला. मामी डब्यात उकडलेली अंडी, दही, मोड आलेली कडधान्यं द्यायची. ते सगळं ते शेजारच्या टायरवाल्याच्या कुत्र्याला घालू लागले. कुत्रं गुटगुटीत झालं आणि मामांचे केस गळायला लागले. दुपारी चक्कर यायची, म्हणून संध्याकाळचं चालणं बंद झालं. वजन सत्त्याण्णव. तिकडे ताईच्या हातातली डायलिसिसची शीर त्रास देऊ लागली होती. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, “फार लांबवू नका.” त्या दिवशी मामा घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. सात किलो! रोज हजारो किलो ज्याच्या नजरेखालून जातात, त्या माणसाच्या बहिणीचा जीव सात किलोंपाशी अडावा, याचा त्यांना विलक्षण राग आला होता.

मामीला डब्याचं बिंग कळलं. ती भांडली नाही. ती सरळ ताईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वजनकाट्यावर हजर. हातात पिशवी, पिशवीत विणकाम आणि तिची छोटी पाण्याची बाटली. किडनी काम करत नसली की पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. तिची दिवसभराची चंगळ ती एवढीशी बाटली.

“आज डायलिसिस नाही. घरी करमत नाही. बसते इथं,” असं म्हणून तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि भावाचा डबा आपल्या मांडीवर घेतला, म्हणजे तो कुत्र्यापर्यंत जायला नको.

पहिला ट्रक वाळूचा आला. ड्रायव्हरनं ताईला नमस्कार केला, पेल्यात घोटभर चहा ओतला, मामांनी तो प्यायला, पावती दिली. मग विटांचा ट्रक आला. घोट, पावती. मग सिमेंटवाला आला. हा त्या रस्त्यावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर, मिशा पांढऱ्या, आवाज हॉर्नसारखा. त्यानं चांगला सढळ घोट ओतला.

ताईच्या सुया थांबल्या. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं आणि त्यावर एक रिकामा प्लास्टिकचा जग. तिनं मामांचा पेला उचलला, पिंपातून जेवढा घोट तेवढंच पाणी घेतलं आणि जगात ओतलं. मग आधीच्या दोन गाड्यांचे दोन. पेला धुऊन परत कठड्यावर ठेवला.

“हा काय खेळ?” मामांनी विचारलं.

“तू तुझं काम कर.”

दिवसभर हेच. गाडी यायची, मामा घोट घ्यायचे, ताई उठून तेवढंच पाणी जगात टाकायची. मध्ये तिनं डब्यातलं एक एक अंडं त्यांच्यापुढे धरलं आणि ते गिळेपर्यंत डोळे वटारून पाहिलं. दुपार कलली. चुन्याची गाडी, सळ्यांची गाडी, धान्याची पोती. जग काठोकाठ भरला. तिनं कोपऱ्यातली बादली पुढे ओढली.

संध्याकाळी रस्ता जरा शांत झाल्यावर तिनं तो जग उचलून टेबलावर ठेवला. शेजारी बादली. आणि त्या दोघांच्या पुढ्यात आपली इवलीशी बाटली, अजून पाव भरलेली.

“हे तुझं. हे माझं,” ती म्हणाली.

मामा जगाकडे बघत राहिले. बादलीकडे बघितलं.

“अगं, पण एक एक घोट तर...”

“घोट म्हणजे काय ते मला विचार. गोळीबरोबरचा घोटसुद्धा मी या बाटलीतला धरते. तहान लागली की बर्फाचा खडा चोखते आणि तोही मोजते. आणि तू हे सगळं साखर घालून पितोस, वर दुपारचं जेवत नाहीस!”

“दहाच्या आतलं...” मामा सवयीनं पुटपुटले.

“तुझा काटा लोखंडाचा आहे, ढब्बू. तू नाहीस.”

मामांनी मान खाली घातली. तेव्हा ताईचा आवाज एकदम बदलला. ती सुयांकडे बघत म्हणाली, “मला वाटलं होतं, तू चोरून खातोस. म्हटलं, मनातून त्याला द्यायची नसेल किडनी. भीती वाटत असेल आणि तोंडानं नाही म्हणवत नसेल. मी ठरवलं होतं, तुला सांगायचं, की नको देऊस, मी रागावणार नाही. तेवढ्यासाठीच आले होते आज.”

“ताई!” मामा एवढ्या जोरात ओरडले, की टायरवाल्याचं कुत्रं भुंकायला लागलं. “अगं, मी पोट कापून घेतलं! आणि तू म्हणतेस...”

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि रडत रडतच म्हणाली, “बघ, हेसुद्धा बाटलीतूनच वजा होणार.” मग दोघंही असे हसले, की चहावाली रस्ता ओलांडून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर पेला नव्हता. पहिलाच नंबर सिमेंटवाल्याचा. चहाचा ग्लास हातात घेऊन तो खिडकीशी उभा राहिला. पेला दिसेना तसा त्याचा चेहरा पडला.

“काय चुकलं आमचं, मामा?”

मामांनी दीर्घ श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. ताई, किडनी, नव्वद किलो, जग, बादली. मागच्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर उतरून ऐकायला आले. सिमेंटवाल्यानं हातातल्या चहाकडे असं पाहिलं, जणू त्यात विष कालवलं आहे.

“म्हणजे इतके दिवस आम्हीच तुमच्या बहिणीच्या आड येत होतो?”

“छे छे! मीच गाढव.”

“ते तर झालंच,” सिमेंटवाला म्हणाला आणि त्यानं अख्खा चहा एका दमात स्वतः संपवला. “पण गाडीवाल्याकडून काहीतरी घेतल्याशिवाय तुम्ही पावती देत नाही, हा इथला रिवाज. मग आता चहाऐवजी फेरी. उतरा खाली. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारा. सगळी चाकं फलाटावर आहेत का बघा. ते नाहीतरी तुमचं कामच आहे, खिडकीतून मान लांब करून कशाला बघता?”

त्या दिवसापासून गाडीगणिक एक फेरी सुरू झाली. मामांनी टाळाटाळ केली तर ड्रायव्हर पावती घ्यायलाच नकार द्यायचे. लांब ट्रेलरवाल्यांचा तर भाव वधारला, कारण त्यांची फेरी मोठी. ऊन असलं तर कोणीतरी छत्री धरून शेजारून चालायचं, जणू मामा वरातीतले नवरदेव. चहावाली त्यांच्यासाठी नुसतं गरम पाणी पाठवायची आणि त्याचेही पैसे लावायची.

आहारतज्ज्ञ बाईंनी घोटांची हकीगत ऐकली आणि कपाळावर हात मारला. “मी विचारलं होतं ना, पिता काय?”

“हो. पण मला वाटलं, तुम्ही पिण्याबद्दल विचारताय. हे तर माझं काम!”

बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. मग गंभीर होऊन त्यांनी समजावलं. लहान केलेल्या पोटातून पातळ पदार्थ सरळ खाली जातात, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. आणि अंडी-दही सोडल्यामुळे चरबीऐवजी स्नायूच झिजले. “आधी प्रथिनं, मग बाकीचं. आणि काहीतरी जड उचला.”

जड वस्तूंना तिथं काय तोटा! काटा तपासायची लोखंडी वजनं केबिनमध्येच होती. मामा पाच पाच किलोंची दोन वजनं घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या वेळात हात वरखाली करू लागले. खिडकीतून ते दृश्य पाहून एक नवखा ड्रायव्हर गाडीचं वजन न करताच पुढे गेला.

एवढं करून पुढच्या खेपेला वजन भरलं साडेसत्त्याण्णव. मामांच्या पायांखालची जमीन सरकली. आहारतज्ज्ञ बाई मात्र शांत होत्या. “नवीन व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरून ठेवतात. थोडे दिवस थांबा.”

मामा विचारात पडले आणि मग एकदम टाळी वाजवून म्हणाले, “ओली वाळू!”

“काय?”

“वाळूची गाडी ओली आली की जड भरते. माल तेवढाच असतो. वाळली की उतरते.”

“अगदी तसंच,” बाई म्हणाल्या.

आणि वाळू वाळली. आधी हळूहळू, मग चांगल्या चालीनं. एके सकाळी मामा सहज फलाटावर उभे राहिले, तर लाल आकडा नव्वद. त्यांनी तिथल्या तिथं नाच केला आणि ताईला फोन लावला. ताई म्हणाली, “तुझा काटा दहाच्या आतलं बघत नाही ना? मग डॉक्टरांना हा नव्वद चालेल का, विचार आधी.” मामांचा नाच थांबला. खरं वजन चौऱ्याण्णव होतं. तरी त्या दिवशी त्यांनी प्रत्येक गाडीभोवती दोन दोन फेऱ्या मारल्या.

शेवटी तो दिवस आला. दवाखान्याच्या काट्यावर मामा डोळे मिटून उभे राहिले. एका बाजूला मामी, एका बाजूला ताई.

“पट्टा काढू का?” त्यांनी विचारलं.

“गरज नाही,” नर्सबाई म्हणाल्या.

मामांनी डोळे उघडले. नव्वदला थोडं कमी, पट्ट्यासकट. मामांनी आधी ताईकडे पाहिलं. ताई भिंत न धरता उभी होती. मग त्यांनी सिमेंटवाल्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “झालं!” फोनमधून आधी एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग तो सबंध रस्ता वाजायला लागला. नर्सबाईंनी फोन बाहेर न्यायला सांगितलं.

शस्त्रक्रियेचं काय सांगायचं? दोघं शेजारशेजारच्या खोल्यांत झोपले आणि एकाची किडनी दुसरीकडे गेली. ती तिथं गेल्या गेल्या कामाला लागली, भावासारखीच कामसू निघाली. चारेक दिवसांनी मामा भिंतीला धरून ताईच्या खोलीत गेले, तर ती पाण्याचा मोठा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती.

“भरपूर प्या म्हणालेत,” तिनं सांगितलं. “भरपूर! मोजू नका म्हणालेत.” आणि ती प्यायली. मध्ये थांबून श्वास घेतला, हसली, परत प्यायली. मामा खुर्चीत बसून ते पाहत राहिले. आयुष्यात इतकं सुंदर काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

दोघंही चांगले बरे झाल्यावर ताई पुन्हा एकदा वजनकाट्यावर आली. आता तिच्या पिशवीत ती इवली बाटली नव्हती, चांगली मोठी होती. ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या आणि हट्ट धरला, दोघांनी मिळून फलाटावर उभं राहायचं. सिमेंटवाला केबिनमध्ये शिरून मामांच्या खुर्चीवर बसला.

“बाटली खाली ठेवू का?” ताईनं विचारलं.

“राहू दे,” मामा म्हणाले. “दहाच्या आतलं आहे.”

दोघं फलाटाच्या मधोमध उभे राहिले. सिमेंटवाला आकड्याकडे बघतच राहिला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, “एकशे चाळीस!”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग जुन्या ड्रायव्हरांना ती पैजेची दुपार आठवली. याच जागी, हाच आकडा, आणि उभे होते एकटे मामा. मामांनी ते ताईला सांगितलं.

ताईनं आपल्या भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्या खांद्याला धरून म्हणाली, “म्हणजे एवढी वर्षं तू मला कडेवर घेऊन हिंडत होतास, ढब्बू. आणि मी आपली सगळ्यांना माझ्याच कंबरेचं सांगत होते.”